दिव्यांचे शब्द दिव्यांसकट टिपा : बोलींचे शब्द गोळा करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य मराठी विकास संस्था, रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ आणि महाराष्ट्रात गावोगाव बोलींचे शब्द गोळा करणारे सर्व अभ्यासक व विद्यार्थी यांना,

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगते. जुन्या दिव्यांचे बोलीतले शब्द गोळा करायची स्वतंत्र मोहीम घ्या, आणि ती घेताना शब्दांची यादी पुढे न धरता दिवा पुढे ठेवा. कंदील, चिमणी, गॅसबत्ती, दिवटी, चूड, जिथे जे मिळेल ते. ज्या हातांनी हे दिवे रोज पुसले, भरले, पेटवले, त्या हातांत ते पुन्हा द्या आणि मग त्या माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करा.

घाई का करायची, ते वयाच्या हिशेबावरून कळेल. देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ती त्याच्या कितीतरी आधी आली होती. ज्यांचं सगळं बालपण कंदिलाच्या उजेडात गेलं, ती माणसं आज बहुतेक सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या मागच्यांनी कंदील पाहिला तो लोडशेडिंगच्या वर्षांत. तेव्हा तो माळ्यावरून खाली यायचा, आणि घरात इन्व्हर्टर आला तसा पुन्हा वर गेला. पुढे रेशनवरचं रॉकेल आटलं आणि तेही संपलं. कंदील अजून जुन्या बाजारात मिळतो. त्याच्या चावीला, कडीला, काच उचलायच्या दांडीला तुमच्या गावात काय म्हणायचे, हे मात्र बाजारात मिळत नाही.

काही काळापूर्वी अशाच एका शब्दसंकलनाच्या वेळी मी माझ्या आत्याजवळ बसले होते. माहिती घ्यायला आलेली मुलगी मन लावून काम करत होती. तिच्या छापील तक्त्यात एक ओळ होती : ‘दिवा’, आणि पुढे ‘बोलीतील शब्द’ असा एक रकाना. आत्यानं तिलाच विचारलं, “कुठला दिवा म्हणतीस बाय? देवाचा, गोठ्यातला, का वाटंवरचा?” मुलगी गोंधळली. तक्त्यात अशा तीन ओळी नव्हत्याच. शेवटी तिनं रकान्यात ‘दिवा’ असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. यात त्या मुलीकडे बोट दाखवायचं कारण नाही. तक्ताच तसा होता. पण आत्याच्या त्या एका प्रश्नात तुमच्या सर्वेक्षणाची सगळी रूपरेषा आहे, असं मला वाटतं.

कारण आपल्याकडे दिव्याचं नाव दिव्यावर ठरतच नाही. तो कुठे ठेवायचा, कोणी धरायचा, त्यात तेल कुठलं, भोवती काच आहे की नाही आणि रात्र कसली आहे, यावर ठरतं. देवापुढे समई, निरांजन आणि साखळीला टांगलेला लामणदिवा. भिंतीतल्या दिवळीत ठेवायची ती दिवली. काही भागांत त्या कोनाड्यालाच देवळी म्हणतात. स्वयंपाकघरात चिमणी. पडवीत आणि गोठ्यात कंदील. कोकणात रात्री वाटेनं निघायचं तर माडाच्या सुक्या झावळीची, म्हणजे चुडताची, पेटती चूड. खंडोबाच्या जागरणात दिवटी, आणि तिच्याबरोबर तेलाची बुधली. देवीच्या गोंधळात पोत. मिरवणुकीपुढे टेंभा, मशाल, हिलाल. तोफेला द्यायची ती बत्ती, आणि ती देण्यासाठी पलिता. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा, ऐकणारा लगेच हसेल. जेवणघरात कुणी टेंभा लावत नाही आणि वरातीपुढे कुणी चिमणी धरत नाही. मग ‘दिवा’ या एका ओळीपुढे यातलं काय लिहायचं?

तेलाचंही तसंच. रॉकेल येण्याआधी दिव्याला लागायचं ते करंजाचं, करडईचं, जवसाचं, एरंडाचं, आणि कोकणात उंडीचं तेल. दिव्याचं ते कडू तेल आणि जेवणातलं ते गोडं तेल, अशी घराघरात सरळ विभागणी होती. ‘गोडेतेल’ हा शब्द आजही वाण्याच्या यादीत आहे. त्याचा जोडीदार कडू तेल यादीतून गेला, आणि आता गोडेतेलाला ‘गोडं’ का म्हणायचं हे नव्या पिढीला समजत नाही. पुढे रॉकेल आलं. हा शब्द इंग्रजीतल्या ‘रॉक ऑइल’वरून आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कुठे त्याला घासलेट म्हणतात, विदर्भात मातीचं तेल. तीन नावं, तीन मुलुख. ती नकाशावर मांडली तर त्यांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशी जुळणार नाहीत. हा नकाशा आपल्याकडे असायला हवा.

तुमच्यातले काही जण म्हणतील, बोलीतले हजारो शब्द जात असताना दिव्यांचेच काय घेऊन बसलात? याचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे. औतफाट्याचे शब्द शेतकऱ्याकडे असतात, होडीचे कोळ्याकडे, मागाचे विणकराकडे. दिवा मात्र प्रत्येक घरात होता. सागरकिनाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत, वाड्यापासून पालापर्यंत. शिवाय दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हा दिवा तीनदा तरी बदलला. बियांच्या तेलाचा गेला आणि रॉकेलचा आला, मग पंप मारायची बत्ती आली, मग वीज. प्रत्येक बदलात जुने शब्द कुठे नव्या वस्तूला चिकटले, कुठे गळून पडले, कुठे बाहेरून आले. भाषा कशी हलते हे एकाच वस्तूवर बघायचं असेल तर याहून चांगला धागा मला तरी माहीत नाही.

चिमणीचंच बघा. कंदिलाच्या काचेला इंग्रजीत चिमणी म्हणत, ते नाव आपण घेतलं. मग काच असलेल्या छोट्या दिव्यालाच चिमणी म्हणू लागलो. आणि तिथून ते नाव गेलं ते थेट पत्र्याच्या डबीत वात घातलेल्या दिव्याला, ज्याला काच मुळी नसतेच. शाईच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, त्यातून चिंधीची वात ओढून केलेला दिवा, तोसुद्धा चिमणी. म्हणजे ज्या काचेवरून नाव पडलं, ती काच वजा झाली आणि नाव उरलं. शहरात गिरणीच्या धुराड्याला तोच शब्द. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून अंगणात दाणे टिपणारी आपली चिमणी आहेच. एका शब्दात चार वस्तू. कुठल्या गावात चिमणी म्हणजे काचेची आणि कुठल्या गावात बिनकाचेची, हे मला सांगा. कोशात अर्थ मिळतात, ही गावं मिळत नाहीत.

‘गॅस’ची गंमतही अशीच. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. ते खरोखर नळीतून येणाऱ्या गॅसवर चालत. पुढे पंप मारून हवा भरायची रॉकेलची बत्ती आली आणि जोरकस पांढऱ्या उजेडामुळे तिलाही गॅसबत्ती हे नाव पडलं. खेड्यात ती नुसती ‘गॅस’ झाली. आजी जेव्हा म्हणते, “लग्नात मांडवात चार गॅस होते,” तेव्हा नातवंडांना सिलिंडर दिसतात. कुणी ‘पेट्रोमॅक्स’ म्हणे. ते एका जर्मन कंपनीच्या बत्तीचं नाव, पण आपल्याकडे ते कुठल्याही बत्तीला चालायचं.

ही बत्ती लावायची कशी, हे तुमच्या विद्यार्थ्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. आधी टाकीत रॉकेल, मग जाळीच्या खालच्या छोट्या वाटीत स्पिरिट घालून ते पेटवायचं, म्हणजे वरची नळी तापते. नळी पुरेशी तापली की पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही, तेलच वर येतं आणि बत्ती भडकते. जाळी, म्हणजे मेंटल, नवी असताना मऊ कापडी पिशवी असते. दोऱ्यानं बांधायची आणि एकदा पेटवून द्यायची. कापड जळून जातं आणि उरतो तो राखेचा पांढरा सांगाडा. उजेड तोच देतो. कापड विणल्यावर थोरियम आणि सेरियम यांच्या क्षारांत बुडवलेलं असतं, त्या धातूंच्या ऑक्साइडचा तो सांगाडा. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं अशी जाळी १८८५ साली शोधली; थोरियम-सेरियमचं मिश्रण त्यानं पुढे १८९१ साली आणलं. बोट लागलं की संपलं. म्हणून वरातीत बत्ती डोक्यावर घेणारा माणूस वेगळ्याच जपणुकीनं चालायचा. त्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणत? हवा उतरली की काय ओरडत? भोक तुंबलं तर ज्या पिनेनं मोकळं करायचं तिला नाव काय? तमाशाच्या फडात, दशावतारात, कुस्तीच्या मैदानावर बत्तीची जबाबदारी ज्यांच्याकडे असे, त्यांच्यातले काही जण अजून आहेत. त्यांच्याकडे जा. हे शब्द घरात मिळायचे नाहीत.

घरात मिळतील ते कंदिलाचे. तेही बायकांकडे आधी मिळतील, कारण कंदील पुसणं हे बहुतेक घरांत त्यांचं आणि मुलांचं काम होतं. लहान मुलाचा हात काचेत जातो म्हणून काच त्याच्याकडे. चुलीतली कोरडी राख फडक्यावर घ्यायची, आतून फिरवायची, मग काचेवर तोंडाची वाफ सोडून स्वच्छ कापडानं पुसायची. काच गरम असताना पाण्याचा एक थेंब पडला तरी तडकते. मग वातीकडे बघायचं. सपाट वातीचं जळकं टोक कात्रीनं सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे जरासे उतरवायचे. नाही उतरवले तर ज्योतीला दोन बाजूंनी शिंगं फुटतात आणि काच एका रात्रीत काळी होते. बिया काढलेल्या कापसाची गोल वात असेल तर टोकाला जळकं बोंड धरतं, त्याला गूल. तो झाडला नाही तर दिवा मंद होतो. आता यातलं प्रत्येक काम एकेका क्रियापदानं चालायचं, आणि ती क्रियापदं गावागणिक वेगळी होती. वात सारायची, चढवायची, वर करायची. झोपताना कंदील ‘बारीक’ करायचा. तो विझवायचा नाही, बारीक करून कोपऱ्यात ठेवायचा, रात्री कुणी उठलं तर उजेड असावा म्हणून. ज्या पाहुण्यासाठी कंदील ‘मोठा’ केला, त्याचा मान किती हे घरातल्या पोरांनाही कळत असे.

क्रियापदांवर जरा जास्त लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. नावं कोशांत थोडीफार सापडतात, क्रियापदं निसटतात. दिवा लावतात, पेटवतात, पाजळतात, उजळतात. तो मिणमिणतो, फडफडतो, ढणढणतो, भडकतो. विझवायला मात्र जीभ रेटत नाही. दिवा मालवायचा, शांत करायचा. कोकणात तो घालवतात. फुंकर मारून विझवायचा नाही, असं आजही अनेक घरांत बजावतात. ही भीड विजेच्या दिव्यालाही लागू झाली, आणि मग बटण दाबतानाही कुणी “लाईट घालव” म्हणतं, कुणी “बंद कर.” घासलेटच्या चिमणीला देवापुढच्या समईइतकी भीड होती का? मला वाटतं नव्हती. माझ्या घरात चिमणी सरळ फुंकत. पण हे घराघरात आणि जातीजातीत वेगळं असणार, आणि ते विचारूनच कळेल.

टोमणे आणि शिव्याही गोळा करा. त्या गाळून सभ्य यादी केली तर अर्धी भाषा हातची गेली. बिघडलेल्या मुलाला ‘दिवटे चिरंजीव’ म्हणतात. ‘काय दिवे लावलेस’ हे वाक्य निकालाच्या दिवशी घराघरात ऐकू येतं. ‘टेंभा मिरवू नकोस’, ‘अक्कल पाजळू नकोस’, ‘उजेड पाडलास’. मंत्रिपद मिळालं की ‘लाल दिवा मिळाला’, आणि गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले तरी बोलण्यातला गेला नाही. हे सगळं चालू नाणं आहे. ते बोलणाऱ्या मुलांना टेंभा दाखवा. त्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. काठीला चिंध्या गुंडाळून, तेलात भिजवून पेटवलेला तो जाळ मोठ्या माणसाच्या पुढे नाचवत नेत, हे कळलं की वाक्प्रचार जिवंत होतो. दिवटे हे आडनावही आपल्यात आहे, आणि त्याची आठवण त्या घरांत काय सांगितली जाते हे कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही. दिवट्या आणि मशालजी हे पूर्वी पगारी काम होतं. कुणाच्या खांद्यावर ते पडत असे, हेही शब्दांबरोबर नोंदवा. उजेड धरणारा नेहमी दुसऱ्याच्या वाटेवर धरत असे.

आता शुद्धतेचा मुद्दा येईल, म्हणून आधीच लिहिते. कंदील अरबी किंदीलवरून आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला मेणबत्तीचा शब्द आहे. फाणस म्हणजे काचेच्या आवरणातला दिवा. तो फानूसवरून, आणि त्यामागे ग्रीक. मशाल, हिलाल, पलिता हेही अरबीतूनच आले. चिमणी इंग्रजी. लालटेन, जे विदर्भात लालटीन होतं, तेही इंग्रजी. आणि ‘बत्ती’ हिंदी म्हणून कुणी नाक मुरडत असेल, तर बत्ती आणि आपली वात या दोघी संस्कृतातल्या एकाच ‘वर्ति’च्या लेकी आहेत. तेव्हा ‘बर्नर’चा बर्नल झाला म्हणून तो अशुद्ध आणि त्याऐवजी नवा घडवलेला शब्द योग्य, असं कृपा करून करू नका. बर्नल म्हणणाऱ्या माणसानं तो शब्द कमावलेला आहे. हातातल्या विजेच्या दिव्याला पाठ्यपुस्तकात विजेरी म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात बॅटरी, विदर्भात चोरबत्ती. तिन्ही लिहा. उच्चार ऐकू आला तसा लिहा : टेंभा आणि टेंबा, चिमणी आणि चिमनी, कंदील आणि कंदिल. कुठला प्रमाण, हे ठरवण्याची इथे गरज नाही.

आपल्या पूर्वसूरींनी या वाटेवर बरंच काम केलेलं आहे, आणि ते कुठे थांबलं हेही बघण्यासारखं आहे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिच्यात रॉकेलच्या दिव्यांचं जग यायला काळच नव्हता. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात बोलीबोलींतून एकच उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घेतली, त्यामुळे व्याकरण ताडून बघता येतं. पण त्या गोष्टीत कुणी कंदील पुसत नाही, म्हणून घरातल्या वस्तूंचे शब्द तिच्यातून फारसे मिळत नाहीत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानं १९३२ पासून शब्दांपुढे प्रदेशाची खूण देण्याची मोठी गोष्ट केली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि बोलणाऱ्यांचे आवाज टिपले. त्याबद्दल मनापासून आभार. आवाज टिपण्याची सवय लागली आहे, तंत्र आहे, प्रशिक्षित मुलं आहेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. अभिजात म्हणून शिलालेख आणि पोथ्या जपल्या जातील, ते व्हायलाच हवं. पण दिवळीतल्या दिव्याचे शब्द त्या पोथ्यांच्या तोडीचे आहेत, असं मी मानते.

आणखी एक जागा सुचवते. कराडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला. त्याच्या भोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडलं आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर माहीत झाला. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना त्याच्याही आधीचा, १९०८ सालचा, लोकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला. कंदील वापरणाऱ्यांचे शब्द वेगळे आणि कंदील घडवणाऱ्यांचे वेगळे. काच फुंकणारे, पत्रा कापणारे, डाग देणारे, काचा पेंढ्यात बांधून रवाना करणारे, यांच्या बोलण्यात काय काय होतं? त्या कामगारांच्या पुढच्या पिढ्या त्या परिसरात असतील. गावातले पत्र्याचं काम करणारे कारागीर, जे रॉकेलच्या रिकाम्या डब्यांतून चिमण्या करत, तेही याच यादीत घ्या. निवृत्त रेल्वे कर्मचारी हातबत्तीचे शब्द सांगतील, लाल-हिरव्या काचेसकट. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला बत्ती घेऊन जाणाऱ्यांचे शब्द वेगळे, खळ्यावर राखणीला बसणाऱ्यांचे वेगळे.

संग्रहालयांनाही यात घ्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात दिव्यांचा जो संग्रह आहे, तो बघताना वेळेचं भान राहत नाही. अशा प्रत्येक संग्रहातल्या दिव्याखाली धातू आणि शतक यांच्या जोडीला बोलीतलं नाव, ते सांगणाऱ्याचं गाव, आणि जमलं तर तो आवाज ऐकायची सोय असावी. शाळांतही हे करता येईल. आज बऱ्याच मुलांना ‘कंदील काढ’ म्हटलं की ती दिवाळीचा कागदी आकाशकंदील काढतात, आत बल्ब असलेला. त्यांची काहीच चूक नाही, त्यांच्यासाठी तोच कंदील आहे. त्याच मुलांना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे मोबाईल घेऊन पाठवा आणि कंदिलाच्या एकेका भागाचं नाव विचारायला सांगा.

कामाची पद्धत म्हणून माझं म्हणणं असं. जाताना बरोबर निदान तीन वस्तू न्या : पत्र्याची चिमणी, दोन्ही बाजूंनी नळ्या असलेला हरिकेन कंदील आणि गॅसबत्ती. आधी प्रश्न विचारू नका. वस्तू त्यांच्या हातात द्या, उघडू द्या, पुसू द्या, शक्य असेल तर लावू द्या. हात चालू लागले की शब्द येतात, हे मी आत्याच्या बाबतीत पाहिलं आहे. त्या दिवशी ती मुलगी गेल्यावर मी माळ्यावरचा कंदील काढून आत्यापुढे ठेवला, तेव्हा तिनं वातीच्या फिरकीला, काचेभोवतीच्या तारांना, तेल भरायच्या झाकणाला, सगळ्याला नावं घेतली. मी लिहून घेतली आहेत आणि तुम्हाला हवी असतील तर देईन. नोंद जिल्ह्याची न करता गावाची करा, बोलणारीचं माहेर कुठलं आणि सासर कुठलं तेही लिहा, कारण बायका शब्द माहेराहून आणतात आणि कंदिलाचे शब्द त्यांच्याकडे आहेत. आणि जे जमेल ते सर्वांना ऐकता येईल असं खुलं ठेवा.

ग्रामपंचायतीच्या करपावतीवर घरपट्टीच्या खाली आजही ‘दिवाबत्ती कर’ असा रकाना असतो. म्हणजे सरकारी कागदात दिवाही आहे आणि बत्तीही आहे. तुमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी किमान दहा ओळी ठेवा. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी घरी जातील, त्याआधी असा नमुना तक्ता तयार झाला तर पहिली फेरी त्याच सुट्टीत होऊ शकेल. तक्ता करायला मदत लागली तर मी यायला तयार आहे. या पत्राचं उत्तर म्हणून तो तक्ताच पाठवलात, तर मी तो घेऊन सगळ्यात आधी आत्याकडे जाईन, आणि तिच्या वयाच्या आणखी ज्या बायका आमच्या भागात आहेत त्यांच्याकडे.

आपली,
मराठीची एक वाचक